कधी कधी म्हणजे कधी

आमच्या घरमालकांसमोर 'कधी कधी' हा शब्द काढायची सोय नव्हती. वरच्या नळाला कधी कधी पाणी येत नाही, असं कुणी सहज म्हणालं की ते हातातलं काम खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कधी कधी म्हणजे कधी?" समोरचा गडबडला की समाधानानं मान हलवायचे. "म्हणजे तुम्ही बघितलं नाही. नुसते परेशान झालात."

बुऱ्हाणपूरला लालबागच्या बाजूला एका गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर मी. मी खकनारच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. नवरा इंदूरला नोकरीला, शनिवारी यायचा. घरमालकांना मी काका म्हणायचे, ते मला मास्तरीणबाई म्हणायचे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांची सारी नोकरी झालेली. बुऱ्हाणपूर ते खकनार, तिथून पुढे देडतलाई, तुकईथड, ही सगळी लाइन त्यांनी सायकलवर आणि पायी सांभाळली होती. तारा निघून वर्षं झाली, खांबही कुणी कुणी उपटून नेले, पण काकांच्या डोक्यातला रस्ता खांबांचाच राहिला होता. "शाळेच्या अलीकडे ती चिंच आहे ना," असं मी म्हणाले की ते म्हणायचे, "एकशे बारा. तिथं लाल मुंग्या. चढताना बाह्या बांधायच्या."

मोबाइल वाजला तर ते लगेच बोलायचे नाहीत. आधी तो कानाला लावून डोळे मिटून ऐकायचे. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून थकायचा. मग काका सांगायचे, "लाइन साफ आहे. बोला." त्यांची मुलगी नागपूरला. ती फोन लावल्यावर पहिली दहा सेकंद गप्पच बसायची. तिला सवय होती.

काकूंना मध्ये एकदा चक्कर यायला लागली. डॉक्टर विचारायचे, रोज येते का? काकू म्हणायच्या, नाही हो, कधी कधी. झालं. काकांनी एक जुनी वही घेतली, रकाने आखले. तारीख, वेळ, आधी काय खाल्लं, उठताना की वाकताना, ऊन की ढग. काकू वैतागल्या. "मी काय खांब आहे का?" असं मला म्हणाल्या. पण तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी ती वही आधी हसत हातात घेतली, मग दोनदा वाचली आणि सकाळची एक गोळी संध्याकाळी घ्यायला सांगितली. चक्कर थांबली. तेव्हापासून काकू त्यांच्या वहीला नावं ठेवायच्या, पण दाणे-गूळ वाढताना त्यांच्या बशीत मूठभर जास्त टाकायच्या.

या माणसाच्या तावडीत माझी गाडी सापडली.

गाडी माझ्या मोठ्या भावाची. त्यानं नवी घेतली आणि पंधरा वर्षांची जुनी मला दिली. मी तोवर बसनं जायचे. खकनारची बस भरून येते, पुष्कळदा उभ्यानं जावं लागतं, आणि सुटायची वेळ ड्रायव्हरच्या मनावर. गाडी आल्यावर मी एका महिन्यात चालवायला शिकले आणि आमच्या शाळेतले गणिताचे सर आणि हिंदीच्या मॅडम माझ्याबरोबर यायला लागले. बायका गाडी चालवतात त्याचं आता कुणाला नवल नाही, पण माझं मला फार होतं. सकाळी शनवारा चौकातली गर्दी ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागलं, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या, की मला गाणं म्हणावंसं वाटायचं.

आणि मग समोरच्या काचेखाली तो लाल दिवा लागायला लागला. गोलात उद्गारचिन्ह. ब्रेकचा दिवा. लागायचा, दोन सेकंद राहायचा, विझायचा. कधी दिवसात चारदा, कधी दोन दिवस नाहीच.

मी गाडी आमच्या नेहमीच्या उस्तादांकडे नेली. उस्ताद म्हणजे नाल्याकाठच्या गॅरेजचे मालक, हात चांगला, माणूसही चांगला. त्यांनी गाडी सुरू केली, ब्रेक दाबला, बॉनेट उघडून पाहिलं. दिवा लागेना. "मॅडम, ऑइल बराबर आहे, ब्रेक बराबर आहे. हँडब्रेकचा स्विच ढिला असेल." त्यांनी हँडब्रेकखालचा स्विच घट्ट केला. दोन दिवस दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला. मी परत गेले, तेव्हा ते म्हणाले, "जुन्या गाडीचं वायरिंग, मॅडम. कधी कधी असं होतं. सांगाल तर बल्ब काढून टाकतो, टेन्शन खतम."

मला ते पटलं होतं, हे कबूल करायला हवं. घरी येऊन मी गाडी लावत होते, काका फाटकाशी मिरच्यांच्या रोपांना पाणी घालत होते. त्यांनी विचारलं काय झालं, आणि मी सांगून टाकलं. उद्या बल्ब काढणार आहे, कारण दिवा कधी कधी उगाच लागतो.

काकांनी पाण्याचा डबा खाली ठेवला.

"उगाच? त्याला काय तुमच्याशी मस्करी करायचीय?"

"काका, उस्तादांनी बघितलं सगळं."

"उस्तादांनी तेव्हा बघितलं जेव्हा तो लागला नव्हता. चालू फोन तपासून फॉल्ट कसा सापडणार? जेव्हा लागतो तेव्हा कोण असतं तिथं?"

"मी."

"मग तुम्हीच बघायचं."

काकांना गाडी चालवता येत नव्हती. गाडीत बसणंही त्यांना आवडायचं नाही, पोटात ढवळायचं. ब्रेक कुठून कसे जातात हे त्यांना तेव्हा माझ्याइतकंच माहीत होतं, म्हणजे काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातात आखलेली वही दिली. वेळ. जागा. वळण डावं की उजवं. चढ की उतार. पाय ब्रेकवर की नाही. गाडीत किती माणसं. "तुम्ही चालवताना लिहायचं नाही. ती हिंदीवाली पुढं बसते ना, तिला लिहू दे."

हिंदीच्या मॅडमनी पहिल्या दिवशी वही मांडीवर घेऊन तोंड वाकडं केलं. चौथ्या दिवशी त्या पेन उघडून टपून बसलेल्या असायच्या. दिवा लागला की त्या "लागला" म्हणून अशा काही ओरडायच्या की मागे गणिताचे सर दचकायचे, आणि मग तेही खिडकीतून मान काढून खुणेचं झाड, विहीर, दुकान शोधायचे. ज्या दिव्यानं माझी झोप उडवली होती त्याची आम्ही तिघं आता वाट पाहायला लागलो. एखादा दिवस कोरडा गेला तर मॅडमचा चेहरा पडायचा. सर पैज मारायचे, वायरच निघणार म्हणून.

मी शाळेतून आले की काका वही घ्यायचे. त्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं पाठीमागून जोडून एक लांब पट्टी केली होती, आणि तिच्यावर बुऱ्हाणपूरपासून खकनारपर्यंतचा रस्ता काढला होता. प्रत्येक वळण, प्रत्येक मोरी, आणि सगळीकडे खांबांचे आकडे. मी सांगायचे, "पेट्रोल पंपाच्या पुढं, ते पडकं गोदाम." ते क्षणभर डोळे मिटायचे. "त्रेसष्ट." आणि लाल पेन्सिलीनं ठिपका द्यायचे.

बाराव्या दिवशी त्यांनी मला खालून हाक मारली. आवाज असा होता की मी गॅस बंद करून तशीच धावले. काका जमिनीवर बसले होते, पट्टी ओसरीभर पसरलेली, चारही कोपऱ्यांवर काकूंचे डबे ठेवलेले.

"मोजा," ते म्हणाले.

मी मोजले. एकोणीस ठिपके.

"आता बघा कुठं कुठं आहेत."

मी पाहिलं. सोळा ठिपके डाव्या वळणांवर होते. उरलेले तीन उतारांवर, आणि तिन्हींपुढं हिंदीच्या मॅडमनी लिहिलं होतं, पाय ब्रेकवर. सरळ रस्त्यावर एकही नाही. उजव्या वळणावर एकही नाही.

"वायर ढिली असती तर खड्ड्यात हलली असती," काका म्हणाले. त्यांचे डोळे नुसते चमकत होते. "आपल्या रस्त्याला खड्ड्यांची काय कमी आहे? वायर कुणीकडं वळलो ते बघते का? मास्तरीणबाई, गाडीत असं काय आहे जे डावीकडं वळलं की उजवीकडं जातं, आणि ब्रेक मारला की पुढं जातं?"

जडत्व मी दरवर्षी नववीला शिकवते. बस वळली की प्रवासी कलंडतात, हे उदाहरण मी फळ्यावर चित्र काढून देते. त्या क्षणी मला काही सुचलं नाही. काकांनाच सुचलं. ते उठून आत गेले, काकूंची लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेऊन आले, तिच्यात अर्ध्यावर पाणी भरलं आणि म्हणाले, "चला. मी येतो."

गाडीत बसायला ते आपणहून तयार झाले होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खिशात आवळासुपारीची पुडी टाकली.

आम्ही खकनार रस्त्याला लागलो. काका पुढच्या सीटवर, बरणी दोन्ही हातांनी मांडीवर धरलेली, तोंडात आवळासुपारी. सरळ रस्त्यावर पाणी नुसतं थरथरत होतं. पहिलं डावं वळण आलं. मी स्टिअरिंग फिरवलं आणि बरणीतलं पाणी उजव्या बाजूला चढलं, डावीकडची काच उघडी पडली, आणि त्याच क्षणी समोर लाल दिवा लागला. वळण संपलं. पाणी सपाट झालं. दिवा विझला.

पुढचं डावं वळण मी मुद्दाम जरा जोरात घेतलं. पाणी चढलं, दिवा लागला. उजवं घेतलं, पाणी दुसरीकडे गेलं, दिवा नाही. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली, कारण मला चालवणं शक्य नव्हतं, मला इतकं हसू येत होतं. काकांचं पोट ढवळत होतं, कपाळावर घाम होता, आणि ते बरणीकडे असे बघत होते, जसं कुणी नातवाकडे बघावं.

"पातळ काहीतरी आहे," ते म्हणाले. "आणि कमी आहे."

आम्ही तिथंच बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची पांढरट डबी सापडायला वेळ लागला. तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन रेघा होत्या. सपाट रस्त्यावर गाडी उभी होती, आणि ऑइल खालच्या रेघेला जेमतेम टेकलेलं होतं. मग मला आठवलं, उस्तादांचं गॅरेज नाल्याच्या उतारावर आहे. तिथं गाडी तिरकी उभी राहते, आणि तिरक्या डबीत ऑइल रेघेच्या वर दिसतं. उस्ताद खोटं बोलले नव्हते. त्यांच्या अंगणात ते बरोबरच होतं.

ऑइल भरलं आणि दिवा बंद झाला. एकदम बंद. दुसऱ्या दिवशी गणिताचे सर पैज हरले म्हणून मावा जिलबी घेऊन आले, आम्ही ओसरीवर बसून खाल्ली. काकांनी खाल्ली नाही. बशी समोर तशीच.

"काका, सापडला ना फॉल्ट."

"दिवा का लागत होता ते सापडलं. ऑइल गेलं कुठं?"

उस्तादांना विचारलं, तर ते म्हणाले, ब्रेक पॅड झिजतात तसं डबीतलं ऑइल थोडं खाली जातं, त्यात काही नाही. काकांनी ते नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी डबीवर पांढरी पट्टी चिकटवली, बारीक पेननं रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. रोज मी आले की ते गाडीखाली वर्तमानपत्र अंथरायचे आणि सकाळी ते उचलून उजेडात धरायचे. कागद रोज कोरडा निघायचा. पण आठव्या दिवशी ऑइल रेघेच्या करंगळीभर खाली होतं.

"पॅड आठ दिवसांत इतके झिजत नाहीत," ते म्हणाले. "आणि खाली गळत नाही. म्हणजे आत कुठं तरी पितं कोणी."

मी तेव्हा घाईत होते. आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या शिक्षिकेचं लग्न होतं, तुकईथडला, तिच्या माहेरी. रविवारी हळद. नवरा त्या शनिवारी येणार नव्हता. आम्ही तिघं सकाळी निघून दुपारपर्यंत पोचायचं ठरलं होतं. मी डबी पुन्हा वरच्या रेघेपर्यंत भरली आणि काकांना सांगितलं, सोमवारी उस्तादांना सगळं उघडून बघायला लावते.

रविवारी सकाळी सर आणि मॅडम नटून आले. मॅडमनी नवी पैठणी नेसली होती, हातात नवरीला द्यायची पितळी परात होती. मी खाली आले, आणि पाहिलं तर फाटकाच्या बरोबर मध्ये, गाडीच्या तोंडासमोर, काका खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

"काका, जरा सरकता?"

"नाही."

मला वाटलं गंमत करताहेत. ते पान उलटत होते.

"आम्हाला उशीर होतोय."

"बसनं जा. गाडी बाहेर जाणार नाही."

गाडी माझी होती. घर त्यांचं असलं तरी गाडी माझी होती, आणि हे मी त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितलं. गल्लीतले दोघं-तिघं थांबले. मॅडम म्हणाल्या, "बाबूजी, काल भरलंय ना ऑइल. आता काय पूजा करायची?" सर घड्याळ बघत होते. काका कुणाकडेच बघत नव्हते.

काकूंनी मला हाताला धरून आत नेलं. "ते उठत नाहीत. मी चाळीस वर्षं बघतेय. तू आधी चहा घे."

चहा गाळता गाळता त्यांनी मला जे सांगितलं ते काकांनी स्वतः कधी सांगितलं नव्हतं. डोंगराकडच्या एका गावात पूर्वी एकच फोन होता, किराणा दुकानात. तो कधी कधी बंद पडायचा. काका दोनदा सायकलनं गेले, दोन्ही वेळा फोन चालू. तिसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा ते गेले नाहीत. आपोआप चालू होतो की, म्हणाले. त्याच आठवड्यात तिथल्या एका बाईला शेतात साप चावला. दुकानातून फोन लागला नाही, बैलगाडीनं आणली. "वाचली ती," काकू म्हणाल्या. "पण पाय कापावा लागला. हे तिला बघायला गेले होते. ती यांनाच म्हणाली, भाऊ, तुमचा काय दोष. त्यानंतर यांनी एकही तक्रार परत पाठवली नाही. आणि कधी कधी म्हटलं की असे करतात."

मी चहा अर्धा ठेवून बाहेर आले. काकांच्या खुर्चीपाशी वाकले.

"उस्तादांकडं जाऊ. हळू चालवते. सगळं उघडून बघायला सांगते. मग उठाल?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "मी पण येतो."

उस्ताद रविवारी दुकान अर्धंच उघडतात. आम्हाला चौघांना, त्यातही पैठणीतल्या मॅडमना बघून ते गोंधळले. काकांनी त्यांना डबीवरची आठ दिवसांची पट्टी आणि कोरडी वर्तमानपत्रं दाखवली. उस्तादांनी मान खाजवली. "बाबूजी, मागच्या चाकात ब्रेक बंद डब्यात असतो. त्याला ड्रम म्हणतात. तिथं लीक असेल तर थोडं थोडं आतच राहतं, बाहेर दिसत नाही. पण ऐसा तो…" ते थांबले. मग जॅक ओढून घेतला.

आधी उजवं चाक काढलं. ड्रम निघाला. आत कोरडी धूळ, लोखंडाचा वास, बस्स. उस्तादांनी फडक्यानं पुसून दाखवलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सर म्हणाले, "अजून बस मिळेल." मला काकांकडे बघवेना.

"दुसरं," काका म्हणाले.

डाव्या चाकाचा ड्रम निघेना. उस्तादांनी हातोडीनं भोवती ठोकलं, फिरवलं, परत ठोकलं. मॅडम परात बाजूला ठेवून पदर खोचून वाकून बघत होत्या. एकदम कट्ट आवाज झाला, ड्रम हातात आला, आणि त्याच्या आतून एक काळपट ओघळ निघून उस्तादांच्या मनगटावरून खाली गेला. आतलं सगळं ओलं होतं. ब्रेकचे पट्टे तेलात भिजून चकचकत होते.

उस्ताद उकिडवे बसले होते ते तसेच राहिले. बोट लावून वास घेतला. मग काकांकडे वर बघून म्हणाले, "बाबूजी, हे तर आतल्या आत पीत होतं. चाकातल्या ब्रेक सिलेंडरचं रबर फुटलंय. अजून थोडं फुटतं ना, तर उतारावर एका दाबात सगळं ऑइल इथून गेलं असतं."

मग काय झालं ते सांगणं कठीण आहे, कारण सगळे एकदमच बोलत होते. सर फोटो काढत होते. मॅडम गल्लीतल्या अनोळखी बाईला बोलावून दाखवत होत्या, हे बघा, हे. उस्ताद स्वतः बाजारात जाऊन नवा सिलेंडर आणि पट्टे घेऊन आले. शेवटी पाइपातली हवा काढायची होती. मी आत बसून ब्रेकवर पाय, उस्ताद चाकापाशी, आणि काका त्यांच्या शेजारी नळीचं टोक बाटलीत धरून. "दाबा. धरा. सोडा." पुन्हा. बाटलीत बुडबुडे येत होते ते काका मोठ्यांदा मोजत होते. आकडा कमी होत गेला आणि माझ्या पायाखाली ब्रेक घट्ट होत गेला. दर दाबाला मला तो वर येताना कळत होता. "शून्य," काका म्हणाले. उस्तादांनी आपला हात पुसला आणि काकांपुढे केला. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला.

उस्तादांनी मला आजूबाजूला दोन फेऱ्या मारायला लावल्या, मगच सोडलं. आम्ही निघालो तेव्हा दुपार झाली होती. काकाही आले. कुणी चला म्हटलं नव्हतं. ते मागचं दार उघडून सरांशेजारी बसले होते, एवढंच.

खकनार मागे पडलं. पुढे रस्ता टेकडीवरून खाली उतरतो आणि तळाशी दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आहेत. मी उतरत होते. सर आणि मॅडम अजूनही ड्रमबद्दलच बोलत होते. तळाशी डावीकडच्या बागेतून एक ट्रॅक्टर, मागे केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली, कुठेही न बघता सरळ रस्त्यावर आडवा आला.

मी ब्रेक दाबला.

गाडी पुढे झुकली, सीटखालची परात सरकून पुढे आदळली, आणि गाडी थांबली. मधे एक हात अंतर राहिलं होतं. ट्रॉलीतून लोंबणारं केळीचं पान बॉनेटला घासत होतं.

ट्रॅक्टरवाला म्हातारा होता, डोक्याला उपरणं. त्यानं आमच्याकडे बघितलं, वाट दिली म्हणून हात वर करून मान हलवली आणि सावकाश वळून समोरच्या वाटेनं निघून गेला. त्याला काही कळलं नव्हतं. त्याचा रविवार चालला होता तसाच चालला होता.

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला. मी आरशात पाहिलं. काका मागे ताठ बसले होते, रंग उतरलेला, आणि त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी बाहीनं ते पुसले, खिडकीची काच खाली केली आणि बाहेरची हवा घेतली.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "आता जरा जोरात घ्या. हळद संपून जाईल."

आधी सर हसले, मग मॅडम, मग मी. मी पहिला गिअर टाकला.